ठिपक्याखालचं घर

डबीर मॅडम वर्गात आल्या की आधी खिडक्या लावायच्या. रायपूरचा मे महिना, खिडकीला बाहेरून टांगलेल्या कूलरच्या वाऱ्यावर आम्हा बावीस जणांचा जीव तगलेला, आणि ही बाई एकेक खिडकी लावत पुढून मागपर्यंत जायची. कूलरची खिडकी बंद होत नसे, तर तिच्यापुढे त्या आपली काळी छत्री उघडून ठेवायच्या. मग दाराची कडी. कडी घातली की ती एकदा हलवून बघायची. मागून कोणीतरी पुटपुटायचं, "लो, कर्फ्यू लग गया." मॅडमना ते ऐकू जायचं. पिशवीतून पिठाचा रिकामा डबा काढून टेबलावर ठेवायच्या, आम्ही रांगेनं त्यात मोबाइल टाकायचो, झाकण लागायचं, आणि मगच पडद्यावर पहिला आलेख यायचा.

आलेखात काय असायचं? तर अमुक जिल्ह्यात किती मुलांना गोवराची लस मिळाली. सरकारी वेबसाइटवर कोणालाही दिसेल असं. एवढ्यासाठी आम्ही घामानं निथळत बसायचो.

आम्ही सार्वजनिक आरोग्यात एम.पी.एच. करत होतो आणि मॅडम आम्हाला आकड्यांची चित्रं काढायला शिकवायच्या. आलेख, नकाशे, आणि त्यांतून गोष्ट कशी सांगायची, हा त्यांचा विषय. आधी वीस-बावीस वर्षं त्यांनी आरोग्य खात्यात आकडेवारीचं काम केलं होतं, मग मुदतीआधीच निवृत्ती घेऊन तासिकेवर आमच्या कॉलेजात आल्या. माणूस उंच, किरकोळ, सुती साडी खांद्यावर पिनांनी अशी बंदोबस्तात बसवलेली की वादळातही पदर हलू नये. गळ्यात दोन चष्मे, एक जवळचा, एक लांबचा, आणि पाहिजे तो कधीच हाताला यायचा नाही. एकट्याच राहायच्या, शंकर नगरात तिसऱ्या मजल्यावर. घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपुरात असलेलं. आम्ही मात्र परवाचे, माझे बाबा रेल्वेत म्हणून गोंदियाहून आलेले. पण वर्गात मराठी घरातली मी एकटीच होते, त्यामुळे त्या बाकीच्यांशी हिंदीत बोलायच्या आणि माझ्याशी आमच्या इकडच्या मराठीत, 'पोट्टी', म्हणजे पोरी, अशी हाक मारून. त्यात लाड कमी आणि बोलणी जास्त असायची.

मी आयुष्यात कडक मास्तर पुष्कळ पाहिले. स्वतः घाबरलेला मास्तर मात्र हा एकच. आणि खरं सांगते, रागावलेल्या मास्तरपेक्षा घाबरलेल्या मास्तरची धास्ती जास्त बसते. रागावलेल्याचं कारण कळतं. मॅडम पडद्यावरच्या एखाद्या नकाशाकडे बघता बघता मध्येच थांबायच्या, दाराकडे बघायच्या, आणि आम्ही बावीस मोठी घोडी मान वळवून दाराकडे बघायचो. दारात कोणी नसायचं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी बिलासपूरच्या विनयला उभं केलं. पडद्यावर बाळंतपणात दगावलेल्या बायकांचा आलेख होता, एका तालुक्याचा खांब सगळ्यांत उंच. विनय हुशार, बोलण्यात पटाईत. तो म्हणाला, "मॅडम, इस ब्लॉक की परफॉर्मेंस बहुत खराब है." मॅडमनी कोपऱ्यातली एक मोकळी खुर्ची उचलली, वर्गातून चालत नेऊन सगळ्यात मागच्या बाकांच्या मधोमध ठेवली आणि परत आल्या.

"वहाँ उस ब्लॉक की एक औरत बैठी है," त्या शांतपणे म्हणाल्या. "उसकी बहू गई है जचकी में. पिछले महीने. अब उसको बताओ."

विनयनं मागे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "बोलो ना. परफॉर्मेंस." तो खाली बसला.

त्या दिवसापासून ती खुर्ची तिथेच राहिली. तिच्यावर कोणी बसायचं नाही, दप्तर ठेवायचं नाही. ज्यानं त्यानं आपला आलेख त्या खुर्चीकडे बघून समजावून सांगायचा. ज्याची गोष्ट आहे त्याच्यासमोर सांगता येत नसेल तर ती गोष्ट कच्ची, घरी जा आणि पुन्हा कर. भर दुपारी, लख्ख उजेडात, रिकाम्या खुर्चीकडे बघून 'तुमच्या गावात कुपोषणामुळे' असं म्हणताना माझ्या अंगावर काटा यायचा. पण हेही सांगते की त्या भीतीनं आमची भाषा सुधारली. 'परफॉर्मेंस' हा शब्द त्यानंतर वर्गात कोणी उच्चारला नाही.

नकाशाच्या बाबतीत त्यांचा आणखी एक कायदा होता. गावाचा नकाशा काढायचा तर तो गावातल्या बाईला वाचता आला पाहिजे. उत्तर दिशेचा बाण आणि प्रमाणपट्टी तुमच्या परीक्षकासाठी. तिच्यासाठी बोरिंग, तळं, पिंपळ, शाळा, पिठाची चक्की. आमच्या कॉलेजात झाडझूड करायला जवळच्याच वस्तीतली एक बाई यायची. मॅडम आम्हाला तिच्या वस्तीचा नकाशा काढायला लावायच्या, तिला वर्गात बोलवायच्या आणि कागद पुढे धरून विचारायच्या, "तोर घर कहाँ हे, बता?" तिनं घर शोधून बोट ठेवलं तर पास. माझे पहिले दोन नकाशे तिनं उलटे धरले. तिसऱ्यावर तिनं क्षणात बोट ठेवलं आणि वर शेजारणीचं घर, दीराचं घर, रेशन दुकान, सगळं दाखवून मोकळी झाली. मी फुशारून मॅडमकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "चांगला आहे. आता याचीच भीती ठेव." मला काही कळलं नाही.

त्यांच्यासोबत झेरॉक्सला जाणं म्हणजे एक प्रकरण होतं. शंकर नगरात एक दुकान ठरलेलं. मॅडम मशीनपाशी अशा उभ्या राहायच्या की भैयाला त्यांच्या कोपराखालून हात घालून कागद काढावा लागे. शेवटची प्रत निघाली की "भैया, फाइल मिटाओ." मिटवली. "कचरे के डिब्बे में से भी." तिथूनही मिटवली. मग त्या वाकून त्याच्या टेबलाखालच्या रद्दीत बघायच्या. "वो जो टेढ़ा निकला था, वो भी दे दो." वाकडे, शाई फासलेले, अर्धवट, सगळे कागद गोळा करून त्या पिशवीत घालायच्या आणि बाहेर येऊन फुटपाथवर उभ्या उभ्या त्यांचे बारीक तुकडे करायच्या. दुकानदार एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, "दीदी, मैडम पहले पुलिस में थीं क्या?" मी हसत हसत ते मॅडमना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "पोलिसात असती तर बरं झालं असतं," एवढंच म्हणाल्या.

आणि ते पोस्टरचं. कॉलेजात मोठे पाहुणे यायचे होते, भिंतींवर आमच्या वर्गाची पोस्टरं लागली होती. एका मुलीनं सिकलसेलच्या रुग्णांचा गाववार नकाशा फार देखणा केला होता. पाहुणे यायला दहा मिनिटं असताना मॅडम आल्या, जवळचा चष्मा शोधला, पोस्टरपाशी नाक नेलं, आणि मग नखांनी चारी कोपऱ्यांच्या चिकटपट्ट्या खरवडून ते खाली ओढलं. एका गावावर आकडा होता, एक. पाचाच्या खालचा आकडा कुठेही दाखवायचा नाही, त्यावरून माणूस ओळखू येतो, हा त्यांचा नियम तिनं मोडला होता. विभागप्रमुख धावत आले. भर कॉरिडॉरमध्ये, सगळ्यांसमोर, त्यांनी मॅडमना नको नको ते ऐकवलं. "एक ही तो है मैडम! एक से क्या होता है?"

मॅडम पोस्टरची गुंडाळी छातीशी धरून उभ्या होत्या. "एक ही है, इसीलिए सर."

भिंतीवर त्या दिवशी एक रिकामा चौकोन राहिला. मला मॅडमचा संताप आला होता. घरी जाऊन मी आईला सांगितलं की आमच्या मॅडमचं डोकं फिरलंय, यांच्या भित्रेपणापायी मुलांच्या मेहनतीची माती होते. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते, आणि मला सगळं समजत होतं.

दुसऱ्या वर्षी माझा प्रबंध आला. विषय टी.बी. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही, रायपूरच्या कोणत्या बाजूला ते आहे हेही नाही. तिथली मितानिन, म्हणजे महाराष्ट्रात जिला आशाताई म्हणतात ती गावातली आरोग्यसेविका, रामबती दीदी, तिनं मला चार महिने घरोघर फिरवलं. गावात सहा रुग्ण होते. सहा म्हणजे मॅडमच्या नियमात बसणारे. मी नकाशा काढला. तळं, बोरिंग, पिंपळ, शाळा, चक्की, सगळं जागच्या जागी, एकेक घर सुद्धा. आणि रुग्णांच्या जागी सहा लाल ठिपके. पण मी मॅडमची विद्यार्थिनी. खऱ्या घरांवर ठिपके ठेवण्याइतकी मूर्ख नव्हते. मी संगणकाकडून सगळे ठिपके थोडे थोडे, कसेही, इकडे तिकडे सरकवून घेतले. आता कोणाचंच खरं घर नकाशावर नव्हतं. ही युक्ती मी इंटरनेटवरून शिकले होते आणि माझी मलाच शाबासकी दिली होती.

रामबती दीदीनं एवढी मदत केली म्हणून एक रंगीत प्रत मी तिला भेट दिली. सहाही रुग्णांची नावं तिला ठाऊक होती, ठिपके त्यांच्या घरांवर नाहीत हेही तिनं पाहिलं आणि बिनधास्त झाली. कौतुकानं तिनं तो कागद शाळेच्या व्हरांड्यात लावला. वर मोठ्या अक्षरांत शीर्षक होतं, ते माझंच, 'हमारे गाँव में टी.बी.'

हे सगळं मी मॅडमना शिक्षकांच्या खोलीत सांगितलं, मोठ्या तोऱ्यात. त्या वह्या तपासत होत्या. पेन थांबलं.

"भिंतीवर लावला?"

"हो मॅडम. पण खरे ठिपके नाहीत ना ते. सगळे सरकवलेत. कोणाचंच घर नाही."

मला वाटलं आता म्हणतील, वा. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. चेहऱ्यावरचं रक्त उतरणं हे मी पुस्तकात वाचलं होतं, तेव्हा प्रत्यक्ष पाहिलं.

"सरकवले," त्या म्हणाल्या. "मंग कोणाच्या घरावर गेले?"

हा प्रश्न मला चार महिन्यांत एकदाही पडला नव्हता. ठिपका एका घरावरून उचलला तर तो कुठेतरी टेकणारच. मी लॅपटॉप उघडला. चार ठिपके नशिबानं शेतात आणि तळ्याच्या पाण्यात पडले होते. एक बंद पडलेल्या घरावर. सहावा बरोब्बर एका छपराच्या मधोमध.

मी रामबती दीदीला फोन लावला. ती रडतच होती. ते घर सुखमतीचं. सुखमती विधवा बाई, शाळेत पोरांचं दुपारचं जेवण रांधायची. तीन दिवसांपासून आयांनी पोरांना शाळेत जेवू देणं बंद केलं होतं. सुखमती ओरडून सांगत होती की मला काही नाही, पण कागद रायपूरच्या कॉलेजातून आलेला. तिचं ऐकतो कोण? शनिवारी बैठक होती, तिला कामावरून काढायला.

"मी जाऊन सांगते ना मॅडम, की तो ठिपका चुकीचा आहे," मी म्हटलं.

"आणि त्यायनं विचारलं, मंग खरा कोणाचा? तवा काय सांगशील?"

खरा ठिपका समोरच्या घराचा होता. दोन महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेल्या मुलीचा. सासरी कोणाला माहीत नव्हतं. ती पाण्याच्या निमित्तानं रामबती दीदीकडे जाऊन गोळ्या घ्यायची. घरी कळलं असतं तर तिला माहेरी पोचवून आले असते आणि परत आणलं नसतं. सुखमतीला वाचवायला जावं तर गावाचं बोट समोरच्या दाराकडे वळणार, आणि गप्प बसावं तर सुखमतीचं काम जाणार.  मी तिथेच रडायला लागले.

"रडून नको राहू," मॅडम म्हणाल्या. "शनिवारी जाऊन राहिलो आपण."

बसमध्ये त्यांनी मला खिडकीकडे बसवलं आणि अर्धा रस्ता गेला. मग समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत बोलायला लागल्या. खात्यात नव्या होत्या तेव्हाची गोष्ट. कुष्ठरोगाचा नकाशा, हातानं काढलेला, गावात भिंतीवर लागलेला. त्यांनीही ठिपके सरकवले होते, पेन्सिलीनं, बोटभर. "मले बी वाटलं होतं, मी लई हुशार." एक ठिपका अशा घरावर गेला जिथं कोणालाच काही नव्हतं. त्या घरातल्या सुनेला माहेरी पाठवून दिलं. तिला दोनदा तपासलं, दोन्ही वेळा काही निघालं नाही. पण डॉक्टरच्या चिठ्ठीपेक्षा भिंतीवरचा कागद मोठा ठरला.

"तुम्ही सांगितलं नाही, की चूक आहे म्हणून?"

"नाही सांगितलं. सांगितलं असतं तर खऱ्याचं नाव द्या लागलं असतं. मी गप्प बसली." त्यांनी पदराची पिन चाचपली. "दुसरं काही सुचलंच नाही मले. भेव वाटलं. आता बी वाटून राहिलं."

खिडक्या, कड्या, पिठाचा डबा, झेरॉक्सवाल्याची रद्दी, सगळं एका फटक्यात माझ्या समोर आलं आणि मला माझीच लाज वाटली. त्यांचा हात सीटवर माझ्या हाताशेजारी होता. धरावासा वाटला, पण धरला नाही.

शाळेच्या व्हरांड्यात चाळीसेक माणसं जमली होती. बायका एका बाजूला. सुखमती खांबाला टेकून बसलेली, इतक्या दिवसांत कोणी तिच्या जवळ बसलं नसावं हे तिच्याभोवतीच्या मोकळ्या जागेवरूनच दिसत होतं. आम्हाला बघून ती म्हणाली, "मोला कुछु नइ होए हे, दीदी." आणि बायकांच्या मागच्या रांगेत, डोक्यावरून पदर ओढून, समोरच्या घरची नवी सून उभी होती. मी तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवून गेले होते, आणि माझी नजर पहिल्यांदा तिच्याकडेच गेली. तिचे डोळे मला अजून आठवतात. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, त्यातून काय बाहेर पडतं याची वाट बघत.

मॅडमनी आधी भिंतीवरचा कागद काढला. मग त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की सुखमतीच्या घरावरचा ठिपका चूक आहे, तिला टी.बी. नाही, कधीच नव्हता.

मला वाटलं तसंच झालं. एक म्हातारा उठला. आवाज अजिबात चढवला नाही त्यानं. "त फेर काकर ए?" मग कोणाचा?

 रामबती दीदीनं मान खाली घातली. कोणीतरी मोबाइल वर धरून रेकॉर्ड करत होतं. मागे बायका एकमेकींकडे बघायला लागल्या होत्या, आणि ते बघणं एकेका घरावरून फिरत फिरत मागच्या रांगेकडे चाललं होतं. मला तिथून पळून जावंसं वाटलं. मॅडमच्या कपाळावरून घाम गळत होता. पदराची पिन त्या दोन बोटांनी दाबत होत्या, सोडत होत्या, दाबत होत्या.

"मेरा है," त्या म्हणाल्या.

म्हाताऱ्याला नीट कळलं नाही. मॅडमनी घसा साफ केला. "नक्शा बनाने से पहले एक झूठा निशान डालकर देखते हैं, ठीक बैठता है कि नहीं. मैंने इस लड़की से कहा था, मेरा नाम डाल दो. बाद में मिटाना था. ये भूल गई. वो निशान मेरा है."

"आपको है क्या, टी.बी.?" बायकांमधून आवाज आला.

मी मॅडमकडे पाहिलं. त्या क्षणी त्यांना 'नाही' म्हणता आलं असतं का, हे मी आजवर शेकडो वेळा स्वतःला विचारलंय. 'नाही' म्हटलं असतं तर ठिपका पुन्हा गावात सुटला असता.

"हव," मॅडम म्हणाल्या. "नाम भी लिख लो. लीला डबीर, शंकर नगर, रायपूर. दवा चल रही है."

बावीस जणांचे मोबाइल पिठाच्या डब्यात कोंडणारी बाई एका अनोळखी मोबाइलकडे तोंड करून स्वतःचं नाव-पत्ता सांगत होती. गर्दी थोडी मागे सरली. समोरच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. सुखमतीभोवतीची मोकळी जागा हळूहळू मॅडमभोवती आली, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मागच्या रांगेतली सून कधी निघून गेली ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. बैठक तिथेच संपली. सोमवारपासून पोरं पुन्हा शाळेत जेवायला लागली.

ती सून गोळ्यांचा कोर्स पुरा करून बरी झाली. सुखमती अजूनही त्याच शाळेत भात रांधते. त्या गावापुरतं एवढं चांगलं झालं.

व्हिडिओ मात्र रायपूरला यायला आठवडा लागला नाही. आधी आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर, मग विभागप्रमुखांकडे. सार्वजनिक आरोग्य शिकवणारं कॉलेज, तिथं तरी लोक शहाणे असतील असं तुम्हाला वाटेल. शिक्षकांच्या खोलीत मॅडमचा पाण्याचा ग्लास वेगळा झाला. पुढच्या सत्रासाठी त्यांच्या विषयाची 'दुसरी व्यवस्था' झाली आहे, असं त्यांना पत्रानं कळवण्यात आलं. एक तपासणी करून कागद दाखवा म्हटलं असतं तर प्रकरण मिटलं असतं. कोणी म्हटलं नाही, आणि त्यांनीही कागद दाखवला नाही. मला वाटलं, दाखवणार कसा? त्यात काही नाही असं निघालं आणि ते गावापर्यंत गेलं तर?

माझा प्रबंध एकही नकाशा न घालता पुरा झाला. बांधून आलेली पहिली प्रत घेऊन मी एका दुपारी त्यांच्याकडे गेले. चौकीदारानं मला वर जाऊ देण्याआधी दोनदा विचारलं, "तीसरे माले पे? पक्का?" आणि आपणहून सांगितलं की मॅडमकडची कामवाली सुटली आहे आणि सोसायटीनं त्यांना जिन्याच्या कठड्याला हात न लावण्याबद्दल सांगितलं आहे, "बच्चे लोग हैं ना, दीदी."

मॅडम मला दुसऱ्या मजल्यावरच भेटल्या, खाली उतरत होत्या. वाळल्या होत्या खूप. वरून शेजारीण उतरत होती. मॅडमना बघितल्यावर ती भिंतीकडे तोंड करून थांबली. मॅडमही थांबल्या, अंग चोरून तिला जाऊ दिलं, जसं हे रोजचंच असावं.

मी प्रबंध पुढे केला. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, जवळचा चष्मा शोधला, सापडला नाही, तर तशाच पानं उलटायला लागल्या. मला त्यांच्या पाया पडायचं होतं, माफी मागायची होती. सगळं घरून ठरवून गेले होते. पण त्या खोकल्या. एकदाच, धुळीनं कोणीही खोकेल तसं. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं,

"मॅडम, खरंच होता का हो तुम्हाला?"

पानं उलटणारा हात थांबला. दोन वर्षांत त्यांनी मला पोट्टी याशिवाय दुसरी हाक मारली नव्हती.

"तू बी विचारून राहिली, मानसी?"

रागावल्या असत्या तर मी पाय धरले असते. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. वर्गात त्या मध्येच थांबून दाराकडे ज्या नजरेनं बघायच्या, तीच नजर होती, आणि समोर मी होते. त्या एक पायरी मागे सरकल्या. माझा प्रबंध त्यांनी पोटाशी धरला, वळल्या, आणि तोल सावरत, कठड्याला हात न लावता, एकेक पायरी वर गेल्या.